सहावा खंड आला तेव्हा

अमृता औसेकर हैदराबादच्या दिवाणी कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर तेलुगू आणि इंग्रजी लिहायचं, वकिलांशी दखनी उर्दूत बोलायचं, आणि संध्याकाळी विद्यानगरच्या दोन खोल्यांत आईशी मराठीत भांडायचं, असं तिचं आयुष्य. वय बेचाळीस. तिचे आजोबा निजामाच्या काळात मुन्सफ कोर्टात पेशकार होते, वडील श्रीनिवासराव त्याच कोर्टांच्या आवारात चाळीस वर्षं वकिली करत होते. त्यामुळे अमृता कोर्टात लागली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. लग्नाची बोलणी दोन-तीनदा झाली, पण जुळली नाहीत. पुढे तो विषयच घरात निघेना. का निघेना, हे सांगायचं तर तिच्या भावाबद्दल सांगावं लागेल.

पराग तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तेव्हा ही मंडळी अंबरपेठेत राहायची. गल्लीत तेलुगू, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त घरात. त्यामुळे परागला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. जोडाक्षर आलं की तो गाडी थांबवायचा. १९९५ साली आप्पांनी, म्हणजे श्रीनिवासरावांनी, मराठी ग्रंथालयाच्या विक्रीतून एक जाडजूड पुस्तक आणलं. 'सात वेशींचा देश : खंड पहिला'. लेखक एकनाथराव पाथरीकर, नांदेडला भूगोल शिकवणारे एक शिक्षक. आप्पांनी ते भूगोलाचं पुस्तक समजून आणलं होतं. निघाली कादंबरी. डोंगरांच्या आड दडलेला एक देश, त्याला सात वेशी, आणि एका विहीर खणणाऱ्याची मुलगी रेवणा, जिला जमिनीखालून वाहणारं पाणी ऐकू येतं. पुस्तकाच्या शेवटी घडी घातलेला मोठा नकाशा होता.

अमृता बारा वर्षांची होती. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून परागला वाचून दाखवायची. तो नकाशा पसरून पोटावर पालथा पडायचा आणि रेवणा जिथे जाईल तिथे बोट फिरवायचा. कधी अमृताच्या परीक्षा आल्या की वाचन बंद. मग तो चिडायचा.

"ताई, बस एक पान. कायकू इतकं परेशान करतेस?"

"स्वतः वाच."

असं चारदा झाल्यावर त्यानं खरंच स्वतः वाचायला सुरुवात केली. दुसरा खंड आला तोवर तो तिच्या पुढे दोन प्रकरणं असायचा आणि पुढचं सांगून टाकायची धमकी देऊन तिच्याकडून सायकल मिळवायचा. तिसऱ्या, चौथ्या खंडाच्या वेळी तर दोघांची भांडणं व्हायची. चौथ्या खंडाच्या नकाशात क्षारा नदी पूर्वेला वाहते, पण गोष्टीत रेवणा प्रवाहाबरोबर मावळतीकडे चालते. अमृता म्हणायची नकाशा चुकला. पराग म्हणायचा नकाशा चुकू शकत नाही, रेवणाच रस्ता चुकली. हे भांडण आठवडाभर चाललं. जेवताना आई वैतागून म्हणायची, "कुठली ती नदी, आपल्या नळाला दोन दिवसांत पाणी नाही."

पाचवा खंड २००८ साली आला. त्याच्या शेवटच्या पानावर वेढा पडलेल्या नगरातल्या कोरड्या विहिरीत रेवणा पाणी शोधायला उतरते आणि वर कोणीतरी दोर कापतं. तिथे पुस्तक संपतं. पराग तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्यानं पुस्तक मिटलं आणि रात्रीचं जेवला नाही.

सहावा खंड पुढच्या वर्षी येणार होता. आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. आणि त्या वर्षी घरात जे झालं, त्यात पुस्तकाची आठवण काढायला कोणी उरलं नाही.

झालं असं. तिसऱ्या वर्षी परागनं कॉलेज सोडलं आणि घरी सांगितलं नाही. रोज सकाळी आईनं भरलेला डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर विद्यापीठाच्या झाडांखाली किंवा नामपल्ली स्टेशनच्या बाकावर बसायचा. असं एक वर्ष. शेवटी त्यानं ते अमृताला सांगितलं.

"आप्पांना सांगू नकोस ताई. मी सांगतो. थोडे दिवस दे."

अमृतानं तीन आठवडे दिले. त्या तीन आठवड्यांत तिला झोप लागेना. तो गाड्यांखाली जाईल असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं. एका रविवारी आप्पा वर्तमानपत्र वाचत असताना तिनं सगळं सांगून टाकलं. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी परागला समोर बसवून उलटतपासणी घेतली, साक्षीदाराची घ्यावी तशी. कुठे बसत होतास? काय खात होतास? कोणाला माहीत होतं? पराग उत्तरं देत गेला. शेवटच्या प्रश्नावर त्यानं अमृताकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणालाच नाही."

आप्पा म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस मला कोर्टात चालतो. घरात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पराग नव्हता. चिठ्ठीत चार शब्द होते : 'जातोय. शोधू नका. पराग.' पहिल्या वर्षात त्याचे दोन फोन आले, दोन्ही आईनं घेतले, दोन्ही मिनिटभराचे. नंतर तेही थांबले. पोलिसांनी नोंद करून घेतली. सज्ञान मुलगा, चिठ्ठी लिहून गेलेला, त्यापुढे ते तरी काय करणार. अमृता कॉम्प्युटरवर त्याचं नाव टाकून बघायची. पुष्कळ पराग निघायचे, पुण्यातले, अमेरिकेतले, हसणारे. त्यांतला एकही आपला नसायचा.

२०१७ साली आप्पा गेले. शेवटच्या आठवड्यात ते दाराकडे तोंड करून झोपायचे. त्यांनी नाव घेतलं नाही, अमृतानंही घेतलं नाही. त्यानंतर दोघी मायलेकी अंबरपेठचं भाड्याचं घर सोडून विद्यानगरला आल्या.

मागच्या वर्षी डिसेंबरात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत अमृतानं फोनवर बातमी वाचली : 'सात वेशींचा देश'चा सहावा खंड सोळा वर्षांनी प्रसिद्ध. ती डबा तसाच ठेवून उठली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. तिला पहिला विचार रेवणाचा आला नाही. तिला वाटलं, आता तो हे पुस्तक घेणार. कुठेही असो, दुबईत असो की बंगळुरात, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचणार आणि तो पुस्तक घ्यायला कुठल्यातरी दुकानात शिरणार. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो काय करेल हे तिला नक्की माहीत होतं.

तिनं पुण्याच्या प्रकाशकांना फोन केला. आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांत पराग औसेकर असं नाव आहे का? पलीकडच्या बाई मृदू बोलल्या, पण वाचकांची नावं देता येत नाहीत म्हणाल्या. "तुम्ही हैदराबादच्या का? फेब्रुवारीत लेखक तिकडे येताहेत. तेव्हा भेटा."

फेब्रुवारीतल्या रविवारी नामपल्लीजवळच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. अमृतानं आधीच जाऊन संयोजकांकडून पुस्तकांच्या टेबलावर बसण्याचं काम मागून घेतलं. टेबल दाराला लागून होतं. येणारा प्रत्येक माणूस तिच्या समोरून जाणार होता. तिनं आईला काही सांगितलं नाही. आईच्या छातीत हल्ली धडधडतं.

पन्नास-साठ माणसं आली. बरीचशी ओळखीची : सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका, कॉलेजातले मास्तर, पुण्याहून इथे कंपनीत नोकरीला आलेली काही तरुण जोडपी. प्रत्येक पस्तिशीच्या पुरुषाचा चेहरा अमृता हनुवटीपासून कपाळापर्यंत वाचायची. टक्कल पडलं असेल तर? दाढी असेल तर? एका माणसानं पुस्तक उचलून आधी शेवटचा नकाशा उघडला, आणि अमृता खुर्चीतून अर्धवट उठली. त्यानं वर पाहिलं. डोळे वेगळे होते.

"कितनेका है मॅडम?" त्यानं विचारलं. "मराठी वाचायला नाही येत इतकं, पण आमच्या मामाला द्यायचंय."

कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी ती टेबलापाशी बसून होती. एकनाथराव ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. एक डोळा पार गेलेला, दुसऱ्यानं जेमतेम दिसतं. ते काठी टेकत तिच्यापाशी आले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

"तुम्ही आज कोणाची तरी वाट बघत होतात," ते म्हणाले. "मला तुमचा चेहरा नीट दिसत नाही. पण माझं भाषण चालू असताना दार वाजलं की तुमची खुर्ची वाजायची."

मग अमृतानं त्यांना सगळं सांगितलं. आपण सांगून टाकलं तेही. कोणा परक्या माणसाला तिनं ते आजवर सांगितलं नव्हतं. एकनाथराव काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हा खंड यायला सोळा वर्षं का लागली, सगळे विचारतात. मी डोळ्यांचं कारण सांगतो. खरं असं की, तिला त्या विहिरीत सोडून बसलो आणि वर काढायचा रस्ताच मला सुचेना. लोकांची पत्रं यायची. शिव्यासुद्धा यायच्या."

"ती पत्रं ठेवलीत तुम्ही?"

"ट्रंकेत आहेत. सगळी. सून ओरडते."

पुढच्या शनिवारी अमृता पहाटेच्या गाडीनं नांदेडला गेली. एकनाथरावांच्या सुनेनं पत्र्याची ट्रंक ओढून पडवीत आणून दिली, चहा दिला आणि म्हणाली, "बघा बाई, झुरळं असतील." पत्रं कुठल्याच क्रमानं लावलेली नव्हती. गावोगावची अक्षरं. कोणी रेवणाचं लग्न लावून द्या म्हणून विनवलेलं, कोणी सहावी वेस कुठल्या दिशेला असेल यावर आठ पानं लिहिलेली. एका बाईंनी आपल्या मुलीचं नाव रेवणा ठेवल्याचं कळवलं होतं, सोबत बारशाचा फोटो. अमृता एकेक बघत गेली. दुपारची जेवायची हाक आली, तिनं नको म्हटलं. साडेतीनच्या सुमाराला तिच्या हातात एक आंतर्देशीय पत्र आलं. आतली अक्षरं डावीकडे कललेली होती. जोडाक्षरं जरा सुटी सुटी, भीत भीत जोडल्यासारखी.

'आदरणीय पाथरीकर सर, चौथ्या खंडाच्या नकाशात क्षारा नदी पूर्वेला वाहते. पण गोष्टीत रेवणा प्रवाहासोबत मावळतीला जाते. दोन्ही खरं असू शकत नाही. माझ्या बहिणीचं म्हणणं आहे की नकाशा चुकला. माझं म्हणणं आहे की रेवणा रस्ता चुकली. मी आता मोजणीचं काम करतो, त्यामुळे नकाशे चुकतात हे मला कळलं आहे. तरी आपण खुलासा करावा.'

खाली सही, आणि पत्ता : तांडूर, एका फरशी पॉलिशच्या कारखान्याचं नाव. तारीख २०१६ मधली. म्हणजे आप्पा जिवंत होते. आणि तांडूर. हैदराबादहून गाडीनं अडीच-तीन तास.

अमृतानं ते पत्र किती वेळा वाचलं कोण जाणे. 'माझ्या बहिणीचं म्हणणं आहे.' म्हणणं होतं, असं त्यानं लिहिलं नव्हतं. सहा वर्षं बोलला नव्हता, आणि तरी बहिणीचं म्हणणं आहे. तिला रडू आलं नाही. ती पदरानं कपाळ पुसत एकनाथरावांना म्हणाली, "तुम्ही उत्तर दिलंत का हो याला?"

"दिलं असेल. नदीची चूक छापखान्याची होती. बहीण बरोबर आहे, असं कळवलं असेल."

रविवारी ती तांडूरला उतरली. सगळं गाव पांढऱ्या भुकटीखाली. गल्लोगल्ली फरशा उभ्या करून ठेवलेल्या आणि यंत्रांचा किर्र आवाज. कारखाना सापडला. मुकादम दत्तोबा म्हणून उदगीरकडचे म्हातारे होते. कानात कापसाचे बोळे. नाव सांगताच त्यांनी बोळे काढले.

"पराग? मोजणीवाला? हौ, होता की. आठ वर्षं होता. खाणीची मापं काढायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. चार वर्षं झाली, कर्नाटकात सेडमला गेला. तिकडचीच बायको केली होती त्यानं. तुम्ही कोण?"

"बहीण."

दत्तोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "त्यानं कधी सांगितलं नाही बहीण आहे म्हणून." मग तिचा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "तो काहीच सांगायचा नाही, बाई. गरीब माणूस. दिवाळीला सगळे गावी जायचे, हा इथंच. मी विचारलं तर म्हणायचा, गाडी चुकली."

त्यांनी फोन नंबर दिला. स्टेशनवर येऊन अमृता फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तीनदा नंबर लावला, तीनदा वाजण्याआधी बंद केला. चौथ्यांदा वाजू दिला.

"हॅलो. कोण?"

आवाज जाड झाला होता. आप्पांच्या आवाजाच्या जवळ गेला होता. 

"हॅलो? कौन है?"

"पराग, मी ताई."

 पलीकडे मागे एक लहान मूल कन्नडमध्ये काहीतरी गात होतं. मग दार लावल्याचा आवाज आला आणि गाणं थांबलं.

"आई आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे. बरी आहे. आप्पा..."

"माहीत आहे."

"कसं?"

"एकदा आलो होतो अंबरपेठला. ते गेल्यानंतर दीड वर्षानं. घरात दुसरीच माणसं होती. खालच्या किराणावाल्यानं सांगितलं. तुम्ही कुठे गेलात ते त्याला माहीत नव्हतं. मी पण जास्त विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"हिंमत नाही झाली, ताई. उशिरा आलेल्या माणसानं काय विचारायचं?"

तिची गाडी आली. ती चढली नाही. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात मोजणीचं यंत्र दुरुस्तीला घेऊन तो हैदराबादला येणार आहे. यंत्र दुरुस्त करणारा माणूस नामपल्लीतच आहे. वर्षातून दोनदा यावं लागतं.

"वर्षातून दोनदा तू इथे येतोस?"

 तो म्हणाला, "स्टेशनवर भेटू. आईला आत्ता नको सांगूस. तिचं रडणं मला झेपणार नाही."

अमृतानं आईला सांगितलं नाही. महिनाभर ती एकच गोष्ट मनात घोळवत राहिली. दुसऱ्यांदा ती एक गुपित सांभाळत होती, आणि या वेळी तिनं ते सांभाळलं.

मार्चमधल्या त्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली. सहावा खंड तपकिरी कागदात गुंडाळून घेतला. तिनं स्वतः तो अजून उघडलाही नव्हता. रेवणा विहिरीतून वर आली की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

पराग फलाटावर उतरला तेव्हा तिनं त्याला चालीवरून ओळखलं. केस मागे सरकलेले, ऊन लागून काळा झालेला, एका खांद्यावर यंत्राची पिवळी पेटी आणि दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या मुलीचा हात. ही ईशा, तो म्हणाला. ईशानं अमृताकडे बघून बापाला दखनीत विचारलं, "ये कौन है अब्बा?"

"आत्या. तेरी आत्या है."

"आत्या बोले तो?"

"बोले तो मेरी दीदी."

त्यांनी यंत्र दुरुस्तीवाल्याकडे ठेवलं आणि जवळच्या इराणी हॉटेलात बसले. ईशानं उस्मानिया बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून खाली बसलं, आणि ती चमच्यानं ते शोधत राहिली. दोघं मोठी माणसं बराच वेळ तिच्याच कपाकडे बघत होती.

शेवटी अमृता म्हणाली, "मी सांगायला नको होतं. तू थोडे दिवस दे म्हणाला होतास."

परागनं बशी फिरवली. "मला खूप वर्षं तुझा राग होता. आप्पांचा नाही, तुझा. आप्पा आप्पांसारखेच वागले."

"आणि आता?"

"आता... गेला असं नाही म्हणणार. खोटं बोललं असं होईल. पण आता रोज आठवत नाही. ही झाल्यापासून तर..." त्यानं ईशाकडे हनुवटी केली. "ही शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तर मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. मग कळतं, तुला काय वाटलं असेल ते."

अमृतानं मान हलवली. तिला यापेक्षा जास्त हवं होतं. चौदा वर्षं ती जे ऐकायला थांबली होती ते हे नव्हतं. पण जे मिळालं ते खरं होतं, हेही तिला कळत होतं. तिनं पिशवीतून पुडकं काढून त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं कागद उलगडला. मुखपृष्ठ बघून त्याचा हात क्षणभर तिथेच राहिला.

"आलं का हे," तो म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं? मला वाटलं तू पहिल्याच दिवशी घेशील."

"मी आता मराठी कुठे वाचतो, ताई? कोणाशी बोलत पण नाही. मध्ये एकदा सेडमला पहिला खंड मिळाला होता, जुन्यात. दोन पानं वाचली आणि मिटला. वाचायला लागलं की अंबरपेठची गच्ची दिसते." त्यानं पुस्तक हलकेच तिच्याकडे सरकवलं. "तू ठेव. मला आत्ता नाही होणार."

अमृतानं पुस्तक परत पिशवीत घातलं. तिला जे लागलं ते तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, निदान तसा प्रयत्न केला. दोन महिने ती ज्याच्या मागे नांदेड, तांडूर करत फिरली होती, ते पुस्तक या माणसाच्या घरात आता नव्हतंच. ती एका वेगळ्याच परागची वाट बघत होती. पालथा पडून नकाशावर बोट फिरवणाऱ्या. समोर बसलेला माणूस तिच्या ओळखीचा व्हायला वेळ लागणार होता.

"सेडमला काय काय आहे?" तिनं विचारलं.

तो जरा सैलावला. खाणी आहेत म्हणाला. बायकोचं टेलरिंगचं दुकान आहे. घरामागे सीताफळाची दोन झाडं आहेत. ईशाला डॉक्टर व्हायचंय आणि बसचा कंडक्टर पण. अमृता ऐकत राहिली. मध्येच त्यानं विचारलं, "आई अजून ती काळी चटणी करते?" तिनं हो म्हटलं, आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

दोन तासांनी यंत्र घेऊन ते गाडीत बसले. ईशानं खिडकीतून हात हलवला. परागनं हलवला नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा होता.

त्या संध्याकाळी अमृतानं आईला सांगितलं. आधी पाण्याचा पेला आणि गोळी हाताशी ठेवली. आई रडली नाही. पलंगाच्या कडेला बसून तिनं विचारलं, "दात कसे आहेत त्याचे? मागची दाढ किडली होती."

"मी बघितलं नाही गं आई."

"बघायचं होतंस." मग थोड्या वेळानं, "मुलीचं नाव काय म्हणालीस?"

त्यानंतर रविवारी कधी कधी फोन येतो. दर रविवारी नाही. आई सकाळपासून फोन उशाशी घेऊन बसते, आणि आला नाही तर संध्याकाळी म्हणते, साइटवर असेल. आला की पहिली पाच मिनिटं ती ईशाशी बोलते, ईशा कन्नड-दखनीत आणि ही मराठीत. कोणाला काही कळत नाही आणि दोघी हसतात. परागशी मात्र तिला काय बोलावं सुचत नाही. जेवलास का, एवढंच विचारते. तो घरी यायचं म्हणत नाही. कोणी बोलावलं की नेटवर्क जातं.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी आईनं फोन हातातून सोडला नाही. म्हणाली, "तू नाही येत ना, ठीक आहे. मीच येते. मे महिन्यात अमृताच्या कोर्टाला सुट्टी असते. मला घेऊन चल म्हणून मी तिला सांगितलंय."

 अमृता समोर उभी होती. तिला बोलायचा मोह झाला, पण तिनं तोंड उघडलं नाही. फोन कट झाला की काय म्हणून आईनं तो कानापासून दूर धरून पाहिला आणि परत कानाला लावला.

"मेमध्ये नको," पराग म्हणाला. "इकडे फार ऊन आहे. तुला सोसणार नाही."

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जूनमध्ये या," तो म्हणाला. "एक पाऊस झाला की. सकाळच्या गाडीनं निघा, म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचाल."

फोन ठेवल्यावर आई उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर करून जून बघितला, आणि अमृताला म्हणाली, "ईशाची साइज विचारून घे गं. फ्रॉक शिवायचाय. बोलता बोलता मी विसरलेच."